लायब्ररीत दुरुस्त केलेला ब्लॉक ड्रॉइंगमध्ये जुनाच का येतो?

ऑटोकॅड या संगणकीय आराखडे काढण्याच्या प्रोग्रामवर एकापेक्षा अधिक माणसे काम करत असली की एक तक्रार हमखास पुन्हा पुन्हा येते. दाराचा, व्हॉल्व्हचा किंवा टायटल ब्लॉकचा (शीटवरच्या माहितीच्या चौकटीचा) सामाईक ब्लॉक, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायची आकृती, लायब्ररीच्या फोल्डरमध्ये दुरुस्त करून ठेवलेला असतो, सर्वांना तसे कळवलेलेही असते, आणि तरीही चालू ड्रॉइंगमध्ये तो इन्सर्ट केला की जुनेच रूप उमटते. कोणी तो पुसून पुन्हा आणतो, कोणी प्रोग्राम बंद करून परत उघडतो, आणि कोणी शेवटी कंटाळून ब्लॉक एक्स्प्लोड करतो, म्हणजे सुट्या रेषांत फोडतो, व तिथल्या तिथे रेषा सुधारून मोकळा होतो. हा शेवटचा मार्ग सर्वांत घातक आहे, कारण त्यानंतर तो नग मोजणीत येत नाही, त्याच्या अ‍ॅट्रिब्यूटमधली (ब्लॉकसोबतच्या मजकुराच्या रकान्यांमधली) माहिती निघून जाते आणि पुढची कोणतीही दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

या तक्रारीमागे प्रोग्रामचा दोष नसतो. ब्लॉक नेमका कुठे साठवला जातो याबद्दलचा गैरसमज त्यामागे असतो, आणि तो एकदा दूर झाला की स्केल, लेयर (ड्रॉइंगमधले थर) आणि अ‍ॅट्रिब्यूटच्या अनेक उपतक्रारींचाही उलगडा होतो.

ब्लॉक राहतो कुठे

प्रत्येक डीडब्ल्यूजी फाइलच्या, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगच्या, पोटात त्या फाइलची स्वतःची ब्लॉक-यादी असते. आपण लायब्ररीतून ब्लॉक पहिल्यांदा आणतो त्या क्षणी त्याची संपूर्ण व्याख्या, म्हणजे रेषा, कमानी, बेस पॉइंट (ज्या बिंदूला धरून ब्लॉक ठेवला जातो तो), एकक आणि अ‍ॅट्रिब्यूटचे टॅग (रकान्यांची नावे), त्या ड्रॉइंगच्या यादीत नकलून घेतली जाते. पडद्यावर दिसणारा प्रत्येक नग म्हणजे फक्त एक नोंद असते: अमुक नावाचा ब्लॉक, अमुक बिंदूवर, अमुक स्केलने आणि अमुक कोनात ठेवा. नकल झाल्यानंतर त्या ड्रॉइंगचा आणि लायब्ररीतल्या फाइलचा कोणताही संबंध उरत नाही. लायब्ररीतली फाइल बदलली, हलवली किंवा पुसून टाकली, तरी ड्रॉइंगला त्याचा पत्ता लागत नाही.

मूळ आकृती बदलली की तिचे सर्व नग आपोआप बदलावेत, ही कल्पना ऑटोकॅडहून जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये एमआयटीमध्ये सादर केलेल्या स्केचपॅड या प्रणालीत ती स्पष्टपणे मांडलेली होती. ऑटोकॅडही ती पाळतो, पण एका फाइलच्या हद्दीत. बीएडिट कमांडने ब्लॉक उघडून सुधारला आणि जतन केला, तर त्या ड्रॉइंगमधले सर्व नग तत्काळ बदलतात. शेजारच्या ड्रॉइंगमधला एकही बदलत नाही आणि लायब्ररीतली फाइलही बदलत नाही.

आता जुना ब्लॉक का परततो ते पाहू. ड्रॉइंगच्या यादीत एखाद्या नावाची व्याख्या आधीच असेल आणि आपण त्याच नावाचा ब्लॉक दुसरीकडून आणला, तर यजमान ड्रॉइंगमधली व्याख्या टिकते आणि बाहेरून आलेली टाकून दिली जाते. दुसऱ्या ड्रॉइंगमधून कॉपी-पेस्ट करताना हे गुपचूप घडते. कमांड लाइनवर ‘डुप्लिकेट डेफिनिशन ऑफ ब्लॉक… इग्नोर्ड’ अशी एक ओळ येऊन जाते, पण पेस्ट करताना कमांड लाइन वाचतो कोण? टूल पॅलेटवरून (हाताशी ठेवलेल्या ब्लॉकच्या खिडकीतून) ओढून आणलेल्या ब्लॉकचेही असेच होते. एक बाब तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही: सर्व नग पुसले तरी व्याख्या पुसली जात नाही. इरेज कमांड फक्त नग काढते आणि व्याख्या यादीत तशीच पडून राहते, म्हणून ‘पुसून पुन्हा आणला तरी जुनाच येतो’ हे वाक्य शब्दशः खरे ठरते.

दोष कुठे आहे ते आधी ठरवा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक छोटी परीक्षा करावी, कारण दोष तीन ठिकाणी असू शकतो: लायब्ररीच्या फाइलमध्ये, चालू ड्रॉइंगच्या व्याख्येत किंवा एखाद्याच नगात. ज्या टेम्प्लेटमध्ये (नव्या ड्रॉइंगच्या तयार साच्यात) एकही ब्लॉक नाही अशा टेम्प्लेटवरून कोरे ड्रॉइंग उघडावे आणि त्यात लायब्ररीतला तोच ब्लॉक आणावा. इथेही तो जुन्या रूपात आला, तर लायब्ररीत दुरुस्ती जतनच झालेली नाही, किंवा आपण ज्या फोल्डरमधून आणतो आहोत तो फोल्डर वेगळा आहे. कोऱ्या ड्रॉइंगमध्ये तो बरोबर आला आणि चालू ड्रॉइंगमध्ये चुकीचा, तर चालू ड्रॉइंगच्या पोटात जुनी व्याख्या आहे. आणि चालू ड्रॉइंगमध्ये बाकीचे नग बरोबर असून दोनचारच वेगळे दिसत असतील, तर त्या नगांवर वेगळे स्केल, रंग किंवा लेयर लादलेला आहे, अथवा ते मुळात दुसऱ्याच नावाच्या ब्लॉकचे नग आहेत. संशयित नग निवडून प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये त्याचे नाव वाचले की हा शेवटचा प्रश्न लगेच सुटतो. ‘ए डॉलर सी’ या अक्षरांनी सुरू होणारे आणि पुढे अर्थहीन अक्षरे-अंक असलेले नाव दिसले, तर कोणीतरी ‘पेस्ट अ‍ॅज ब्लॉक’ वापरले आहे असे समजावे. अशा नगाला लायब्ररीतल्या ब्लॉकशी काही देणेघेणे नसते.

ही परीक्षा टाळून केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते, असे माझे ठाम मत आहे.

चालू ड्रॉइंगमधली व्याख्या बदलणे

समजा, ‘दार-९००’ या नावाचा ब्लॉक आहे, लायब्ररीत त्याच नावाची फाइल आहे आणि त्यात चौकटीची जाडी सुधारलेली आहे. चालू ड्रॉइंगमध्ये त्याचे अनेक नग ठेवलेले आहेत आणि ते सर्व जागच्या जागी सुधारायचे आहेत.

सर्वांत खात्रीचा मार्ग कमांड लाइनचा आहे. इन्सर्ट कमांड तिच्याआधी उणे चिन्ह लावून टंकावी, म्हणजे पॅलेट न उघडता प्रश्न कमांड लाइनवरच येतात. ब्लॉकचे नाव विचारले की ‘दार-९००=’ असे लिहून बरोबरीच्या चिन्हापुढे लायब्ररीतल्या फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा. मार्गात मोकळी जागा असेल, तर तो अवतरणचिन्हांत द्यावा. ब्लॉक आधीपासून आहे, नव्याने व्याख्या करायची का, असा प्रश्न येतो. त्याला स्पष्टपणे ‘यस’ म्हणावे, सवयीने नुसते एंटर दाबू नये. ड्रॉइंग रिजनरेट होते, म्हणजे पडद्यावर नव्याने आखले जाते, आणि सर्व नग नव्या रूपात दिसतात. त्यानंतर इन्सर्शन पॉइंट विचारला जातो तेव्हा एस्केप दाबावे, कारण नवा नग ठेवायचाच नाही, फक्त व्याख्या बदलायची होती आणि ती बदललेली असते.

माऊसने काम करणाऱ्यांसाठी डिझाइन सेंटर सोयीचे आहे. कंट्रोल आणि २ या कळांनी ते उघडते. त्यात लायब्ररीतील फाइल किंवा तिच्यातला ब्लॉक शोधून उजवी कळ दाबली, की ‘रिडिफाइन ओन्ली’ आणि ‘इन्सर्ट अँड रिडिफाइन’ असे पर्याय मिळतात. आपल्याला इथे पहिला हवा असतो. टूल पॅलेटवरच्या ब्लॉकवरही उजव्या कळीने ‘रिडिफाइन’ करता येते.

या सर्व मार्गांत एक खाच आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे भाग आहे. नवी व्याख्या स्वीकारली जाते ती वरच्या ब्लॉकची. त्याच्या पोटात दुसरे ब्लॉक असतील, उदाहरणार्थ ‘दार-९००’ मध्ये ‘मूठ’ आणि ‘बिजागरी’ हे ब्लॉक असतील, आणि त्या नावांच्या व्याख्या चालू ड्रॉइंगमध्ये आधीच असतील, तर त्या जुन्याच राहतात. म्हणजे चौकट नवी आणि मूठ जुनी, असा संकर तयार होतो आणि काहीतरी अर्धवट बदलले एवढेच लक्षात येते. म्हणून आतले ब्लॉक आधी बदलावेत आणि बाहेरचा शेवटी. लायब्ररी नव्याने बांधणाऱ्यांनी ब्लॉकमध्ये ब्लॉक घालण्याची हौस दोन पातळ्यांपलीकडे नेऊ नये, असे मी सुचवेन. त्यापुढे कोणती व्याख्या कुठली हे सांभाळणे फार जड जाते.

दुसरी खबरदारी बेस पॉइंटची. नग ड्रॉइंगमध्ये ज्या बिंदूवर नोंदला आहे, तो व्याख्येतल्या बेस पॉइंटशी जुळवलेला असतो. जुन्या व्याख्येत बेस पॉइंट बिजागरीच्या कोपऱ्यावर असेल आणि दुरुस्ती करणाऱ्याने सोयीसाठी तो ९०० मिलिमीटरच्या झडपेच्या मध्यावर नेला असेल, तर नवी व्याख्या स्वीकारताच ड्रॉइंगमधले प्रत्येक दार ४५० मिलिमीटरने सरकेल, आणि निरनिराळ्या कोनांत ठेवलेली दारे निरनिराळ्या दिशांना सरकतील. पूर्ण फाइल ब्लॉक म्हणून आणली जाते तेव्हा तिचा बेस पॉइंट म्हणजे इन्सबेस या व्हेरिएबलचे (सेटिंगचे) मूल्य, आणि ते सहसा शून्य-शून्य-शून्य असते. इन्सर्ट करताना ब्लॉक कर्सरपासून फार दूर लटकत असेल, तर कारण बहुधा हेच: आकृती मूळबिंदूपासून लांब काढलेली आहे. लायब्ररीची फाइल उघडून बेस कमांडने योग्य बिंदू दिला, की हा त्रास थांबतो.

लायब्ररीच जुनी राहिली असेल तर

उलट बाजूची अडचणही तितकीच नेहमीची आहे. कोणीतरी चालू ड्रॉइंगमध्ये बीएडिटने ब्लॉक सुंदर दुरुस्त करतो, पण ती दुरुस्ती लायब्ररीत न्यायची राहते. ती नेण्यासाठी डब्लूब्लॉक कमांड वापरतात आणि तिच्या खिडकीत सर्वांत वर पर्याय निवडताना गफलत होते. तिथे ‘ब्लॉक’, ‘एन्टायर ड्रॉइंग’ आणि ‘ऑब्जेक्ट्स’ असे तीन पर्याय असतात. ‘ब्लॉक’ निवडून यादीतून नाव घेतले, तर नव्या फाइलमध्ये ब्लॉकच्या आतल्या रेषा सुट्या स्वरूपात लिहिल्या जातात, आणि हेच अपेक्षित आहे. ‘ऑब्जेक्ट्स’ निवडून पडद्यावरच्या नगावर क्लिक केले, तर फाइलमध्ये त्या ब्लॉकचा नग जातो. म्हणजे ‘दार-९००’ या फाइलच्या पोटात ‘दार-९००’ हाच ब्लॉक बसतो. पुढे ती फाइल इन्सर्ट करताना ‘ब्लॉक रेफरन्सेस इटसेल्फ’ असा नकार मिळतो, कारण ब्लॉकच्या व्याख्येत तोच ब्लॉक असू शकत नाही.

असा नकार आला की लायब्ररीची फाइल उघडावी, त्यातला नग एक्स्प्लोड करावा, पर्ज कमांडने आतली व्याख्या काढून टाकावी आणि फाइल जतन करावी. अ‍ॅट्रिब्यूट असलेल्या ब्लॉकसाठीही हाच मार्ग चालतो, कारण एक्स्प्लोड केल्यावर अ‍ॅट्रिब्यूट आपल्या मूळ टॅगच्या रूपात परततात आणि लायब्ररीच्या फाइलमध्ये ते तसेच हवे असतात. चालू ड्रॉइंगमधल्या भरलेल्या नगावर मात्र एक्स्प्लोड वापरू नये. तिथे मजकूर टिकवून ब्लॉक फोडण्याची खरोखर गरज असेल, तर एक्स्प्रेस टूल्समधली (ऑटोकॅडसोबतच्या जादा कमांडच्या संचातली) बर्स्ट ही कमांड आहे.

काही ठिकाणी प्रत्येक ब्लॉकची स्वतंत्र फाइल नसते आणि शेकडो ब्लॉक एकाच मोठ्या ड्रॉइंगमध्ये ठेवलेले असतात. तिथे दुरुस्त ब्लॉक कॉपी करून त्या मोठ्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट करण्याचा मोह होतो. पण लायब्ररीचे ड्रॉइंग हेही शेवटी एक ड्रॉइंगच आहे. त्यात जुनी व्याख्या आहे, म्हणून तीच टिकते आणि पेस्ट केलेला नग तिथे पोचताच जुना होतो. माझ्या मते दुरुस्ती हरवण्याचे सर्वांत दुर्लक्षित ठिकाण हे आहे. लायब्ररीचे ड्रॉइंग उघडून, डिझाइन सेंटरमधून दुरुस्त ड्रॉइंगातील ब्लॉक शोधून ‘रिडिफाइन ओन्ली’ करणे, किंवा दुरुस्तीच मुळात लायब्ररीच्या ड्रॉइंगमध्ये बीएडिटने करणे, एवढे दोनच मार्ग निर्धोक आहेत.

टेम्प्लेट विसरू नका

वरचे सर्व करूनही नव्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये जुना ब्लॉक उगवत असेल, तर टेम्प्लेट तपासावे. डीडब्ल्यूटी फाइलमध्ये कधीकाळी कोणीतरी काही ब्लॉक आणून पुसलेले असतात. नग नाहीत, म्हणून टेम्प्लेट कोरे दिसते, पण व्याख्या आत असतात आणि त्या टेम्प्लेटवरून सुरू झालेल्या प्रत्येक ड्रॉइंगला जन्मतःच मिळतात. मग पॅलेटवरून कितीही ताजा ब्लॉक ओढला, तरी यजमानाचीच व्याख्या जिंकते. टेम्प्लेट उघडून पर्ज करावे, आणि आतल्या ब्लॉकच्या आतले ब्लॉकही निघावेत म्हणून नेस्टेड आयटम्सचा पर्याय चालू ठेवावा. टायटल ब्लॉकसारखा जो ब्लॉक टेम्प्लेटमध्ये मुद्दाम ठेवलेला आहे, तो वर सांगितलेल्या रीतीने नव्याने परिभाषित करून टेम्प्लेट पुन्हा जतन करावे.

पर्ज एखाद्या ब्लॉकला हात लावत नसेल, तर तो कुठेतरी वापरात आहे. फ्रीझ केलेल्या लेयरवर, न उघडलेल्या लेआउटवर, दुसऱ्या ब्लॉकच्या पोटात, किंवा डायमेन्शन स्टाइलमध्ये बाणाचे टोक म्हणून तो दडलेला असू शकतो. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पर्जच्या खिडकीत न निघणाऱ्या गोष्टी आणि त्यांची कारणे दाखवणारा पर्याय आहे; तो आधी पाहिला तर शोधाशोध वाचते.

व्याख्या बदलली, पण अ‍ॅट्रिब्यूट जुनेच राहिले

ब्लॉकची व्याख्या बदलल्यावर रेषा लगेच बदलतात, पण अ‍ॅट्रिब्यूट बदलत नाहीत. हे जाणीवपूर्वक तसे केलेले आहे, कारण प्रत्येक नगाच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये त्या नगाची स्वतःची माहिती असते आणि ती प्रोग्रामने परस्पर पुसली तर मोठे नुकसान होईल. याचा परिणाम असा, की टायटल ब्लॉकमध्ये ‘तपासणारा’ हा नवा टॅग घातला, तर नव्याने ठेवलेल्या नगात तो दिसतो आणि आधीच्या नगांत दिसत नाही. कायमस्वरूपी, म्हणजे कॉन्स्टंट म्हणून घोषित केलेले अ‍ॅट्रिब्यूट मात्र याला अपवाद आहेत; ते व्याख्येसोबत बदलतात.

जुन्या नगांना नव्या व्याख्येशी जुळवण्यासाठी अ‍ॅटसिंक कमांड आहे. ती चालवण्याआधी तिचे वागणे नीट समजून घ्यावे. टॅगचे नाव जुन्या आणि नव्या व्याख्येत तेच असेल, तर त्यातले मूल्य टिकते. नवा टॅग त्याच्या डिफॉल्ट मूल्यासह येतो. नव्या व्याख्येत नसलेला टॅग त्याच्या मूल्यासह नाहीसा होतो. शिवाय एखाद्या नगात कोणी मजकूर हाताने बाजूला सरकवला असेल किंवा त्याची उंची बदलली असेल, तर तो बदल रद्द होऊन सर्व काही व्याख्येप्रमाणे होते.

यातला तिसरा मुद्दा जवळून पाहू. टायटल ब्लॉकमध्ये ‘शीट_क्र’ असा टॅग आहे आणि कोणी तो सुवाच्य व्हावा म्हणून ‘शीट_क्रमांक’ असा बदलला. माणसाच्या दृष्टीने ही एकच गोष्ट आहे. अ‍ॅटसिंकच्या दृष्टीने मात्र ‘शीट_क्र’ काढून टाकला गेला आणि ‘शीट_क्रमांक’ नव्याने आला, म्हणून सर्व शीटवरचे क्रमांक पुसले जाऊन त्यांच्या जागी डिफॉल्ट मूल्य बसते. टॅगचे नाव एकदा ठरले की ते बदलू नये. भरणाऱ्याला दिसणारा प्रश्न बदलायचा असेल तर प्रॉम्प्ट बदलावा, त्याने मूल्यांना धक्का लागत नाही. आणि अ‍ॅटसिंकच्या आधी एक्स्प्रेस टूल्समधल्या अ‍ॅटआउट कमांडने सर्व मूल्ये मजकूर फाइलमध्ये काढून ठेवावीत. प्रत्येक नगाचा हँडल (ओळखचिन्ह) त्या फाइलमध्ये नोंदलेला असतो, त्यामुळे गरज पडल्यास अ‍ॅटइनने मूल्ये त्या त्या नगात परत भरता येतात.

आकार २५.४ पट झाला असेल तर

दुरुस्त ब्लॉक आला, पण प्रचंड मोठा किंवा अगदी ठिपक्याएवढा, ही तक्रार एककांची आहे. प्रत्येक ड्रॉइंगमध्ये इन्सयुनिट्स हे व्हेरिएबल असते: १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ५ सेंटिमीटर, ६ मीटर आणि ० म्हणजे एकक ठरलेले नाही. ब्लॉक आणताना प्रोग्राम दोन्हीकडची एकके पाहून आपणहून रूपांतर करतो. ९०० मिलिमीटरचे दार मिलिमीटरमध्येच काढले, पण फाइल इंचाच्या टेम्प्लेटवरून सुरू केली होती म्हणून तिचे इन्सयुनिट्स १ राहिले, तर मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये ते २२,८६० होऊन उतरते. उलट परिस्थितीत ते ३५.४३ एवढे होते. २५.४ चा गुणाकार किंवा भागाकार दिसला, की दुसरीकडे शोधू नये.

नग निवडून प्रॉपर्टीज पॅलेटच्या तळाशी ‘ब्लॉक युनिट’ आणि ‘युनिट फॅक्टर’ या दोन ओळी पाहाव्यात. युनिट फॅक्टर १ नसेल आणि तो १ असायला हवा असेल, तर व्याख्येचे एकक चुकलेले आहे. लायब्ररीच्या फाइलमध्ये इन्सयुनिट्स सुधारावे. चालू ड्रॉइंगमधल्या व्याख्येसाठी बीएडिट उघडून, काहीही न निवडता, प्रॉपर्टीज पॅलेटमधले ब्लॉकचे एकक बदलावे. नुसते चालू ड्रॉइंगचे इन्सयुनिट्स बदलल्याने आधी काढलेल्या रेषांचे किंवा आधी ठेवलेल्या नगांचे माप बदलत नाही. मूल्य ० असेल तर पर्यायी म्हणून इन्सयुनिट्सडेफसोर्स आणि इन्सयुनिट्सडेफटार्गेट ही व्हेरिएबल वापरली जातात आणि ती संगणकागणिक वेगळी असू शकतात. एकच फाइल दोन संगणकांवर दोन मापांत उतरते ती यामुळे. लायब्ररीत ० कधीही ठेवू नये.

प्रत्येक नगाला स्केल कमांडने हाताने लहान करणे हा उपाय नव्हे. पुढे कोणी एकक सुधारले, की ते सर्व नग पुन्हा बिघडतात.

रंग आणि लेयर

याबद्दलचा नियम थोडक्यात सांगतो. ब्लॉकच्या आतली रेषा लेयर ० वर असेल आणि तिचे गुणधर्म बाय-लेयर असतील, तर ज्या लेयरवर नग ठेवला त्याचा रंग व जाडी ती घेते. गुणधर्म बाय-ब्लॉक असतील, तर नगाला दिलेला रंग ती घेते. ती दुसऱ्या एखाद्या लेयरवर असेल, तर त्या लेयरला चिकटून राहते. सामाईक लायब्ररीसाठी लेयर ० आणि बाय-लेयर हेच धोरण बहुतेक ठिकाणी हितकारक आहे. आधीच बिघडलेल्या ब्लॉकवर सेटबायलेयर कमांड चालवावी. ती ब्लॉकच्या आतल्या वस्तूंपर्यंत जाते, पण त्यांचा लेयर बदलत नाही, तो बीएडिटमध्येच बदलावा लागतो. लेयर बंद केला तरी ब्लॉकचा काही भाग दिसत राहतो, ही शंकाही इथेच मिटते: नगाचा लेयर ‘ऑफ’ केला तर आतल्या इतर लेयरवरच्या रेषा दिसत राहतात, आणि ‘फ्रीझ’ केला तर संपूर्ण नग अदृश्य होतो.

नाव तेच ठेवावे की नवे द्यावे

हा कळीचा प्रश्न आहे आणि त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काहीजण प्रत्येक दुरुस्तीला नावापुढे नवा क्रमांक जोडतात. त्यामुळे नावे कधी भिडत नाहीत, पण एकाच ड्रॉइंगमध्ये ‘दार-९००-१’, ‘दार-९००-२’ आणि ‘दार-९००-३’ शेजारी नांदू लागतात आणि मोजणी तीन ठिकाणी विभागली जाते. काहीजण नाव कधीच बदलत नाहीत. तिथे बेस पॉइंट सरकण्याचे आणि टॅग पुसले जाण्याचे अपघात होतात. मी असा भेद करेन: फक्त आतल्या रेषा सुधारल्या असतील तर नाव तेच ठेवावे आणि व्याख्या बदलावी, बेस पॉइंट, एकक किंवा अ‍ॅट्रिब्यूटचे टॅग बदलले असतील तर तो नवा ब्लॉक समजून नवे नाव द्यावे, म्हणजे जुन्या ड्रॉइंगमध्ये कोणाच्याही नकळत काही सरकणार नाही. जुन्याच्या जागी नवा बसवायचा झाला, तर एक्स्प्रेस टूल्समधली ब्लॉकरिप्लेस कमांड ते एका फेरीत करते.

नाव तेच राहणार असेल, तर ब्लॉकच्या वर्णनाच्या रकान्यात दुरुस्तीची तारीख लिहिण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. डिझाइन सेंटरमध्ये ब्लॉक निवडला की ते वर्णन दिसते, आणि कोणत्या ड्रॉइंगच्या पोटात कोणत्या तारखेची व्याख्या आहे हे ब्लॉक न उघडता समजते.

डायनॅमिक ब्लॉकबाबत, म्हणजे ठेवल्यानंतर ज्यांचे माप किंवा रूप बदलता येते अशा ब्लॉकबाबत, एक स्वतंत्र सूचना. २००६ च्या आवृत्तीपासून हे ब्लॉक आले, आणि त्यांचा नग ताणला किंवा त्याचे रूप बदलले, की प्रोग्राम आतल्या आत ‘तारांकित यू’ने सुरू होणाऱ्या निनावी व्याख्या तयार करतो. नावाने शोधणाऱ्या, लिस्प भाषेत लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामना असे नग सापडत नाहीत, म्हणून मोजणी कमी भरते. त्यात ‘इफेक्टिव्ह नेम’ हा गुणधर्म वाचावा लागतो. व्याख्या बदलल्यावर एखादा ताणलेला नग विचित्र दिसू लागला, तर तो निवडून रिसेटब्लॉक चालवावे आणि मग हवे ते माप पुन्हा द्यावे.

अनेक ड्रॉइंगमध्ये एकदम बदल करायचा असेल

शंभर ड्रॉइंग एकेक उघडून व्याख्या बदलण्यापेक्षा वर दिलेला कमांड लाइनचा क्रम स्क्रिप्ट फाइलमध्ये (ओळीने चालवायच्या कमांडच्या मजकूर फाइलमध्ये) लिहावा. स्क्रिप्टमध्ये एस्केपची कळ देता येत नाही, म्हणून नग शून्य-शून्यवर ठेवू द्यावा आणि लगेच इरेज कमांडला ‘लास्ट’ सांगून तो काढावा. त्या क्षणी चालू असलेला लेयर लॉक केलेला नसावा, नाहीतर तो नग पुसला जाणार नाही आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या मूळबिंदूवर एक जास्तीचे दार उरेल. अ‍ॅट्रिब्यूट असलेल्या ब्लॉकसाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला अ‍ॅटरेक ० करावे, म्हणजे मूल्यांचे प्रश्न मध्ये येऊन क्रम बिघडणार नाही, आणि शेवटी ते पुन्हा १ करावे. मूळ फाइलींची नकल बाजूला ठेवल्याशिवाय अशी स्क्रिप्ट चालवू नये. आधी एकाच ड्रॉइंगच्या नकलेवर ती चालवून पाहावी.

जो भाग खरोखरच सर्व ड्रॉइंगमध्ये सतत ताजा हवा आहे, उदाहरणार्थ इमारतीचा ग्रिड किंवा टायटल शीटची चौकट, तो ब्लॉक म्हणून न आणता एक्सरेफ म्हणून जोडावा. एक्सरेफची आकृती ड्रॉइंगच्या पोटात नकलली जात नाही. ड्रॉइंग उघडताना किंवा रिलोड करताना ती मूळ फाइलवरून वाचली जाते. त्याची किंमत अशी, की जोडलेल्या फाइलचे अ‍ॅट्रिब्यूट प्रत्येक ड्रॉइंगमध्ये वेगळे भरता येत नाहीत, म्हणून चौकट एक्सरेफ आणि शीटची माहिती भरण्याचा भाग ब्लॉक, अशी विभागणी करावी लागते. काम सोपवताना एक्सरेफ बाइंड केला जातो, म्हणजे ड्रॉइंगमध्ये कायमचा सामावून घेतला जातो, तेव्हाही नावांचा हाच नियम पुढे येतो. ‘बाइंड’ पर्यायात आतल्या ब्लॉकच्या नावाला फाइलच्या नावाचा व डॉलर-शून्य-डॉलरचा उपसर्ग लागतो आणि दोन्ही व्याख्या वेगळ्या राहतात. ‘इन्सर्ट’ पर्यायात उपसर्ग लागत नाही, आणि त्याच नावाचा ब्लॉक यजमान ड्रॉइंगमध्ये असेल तर यजमानाची व्याख्या टिकते. म्हणून ‘इन्सर्ट’ निवडण्यापूर्वी दोन्ही फाइलींतल्या समान नावांच्या ब्लॉकची वर्णने डिझाइन सेंटरमध्ये पडताळून पाहावीत, आणि तारखा जुळत नसतील तर यजमान ड्रॉइंगमध्ये ‘रिडिफाइन ओन्ली’ करून मगच बाइंड करावे.